घरच्या फिश टँकला सम्प आणि रिटर्न पंप कसा बसवायचा? (लाईट गेली तरी फरशी कोरडी राहील असा)

युट्यूबवर फिश टँकचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मोठ्या टँकमध्ये ना फिल्टर दिसतो, ना हीटर, ना वायरी. फक्त मासे, झाडं आणि स्वच्छ पाणी. बाकीचा सगळा पसारा खालच्या कपाटात लपलेला असतो. त्या पसाऱ्याचं नाव आहे सम्प.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची, पण काम घरून, म्हणजे वाशिमहून. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या ४ फुटी टँकला स्वतः सम्प बसवला आणि जून महिन्यातल्या एका रात्री लाईट गेल्यावर घरात पाणी केलं. त्या चुकीसकट सगळी माहिती या लेखात देतोय. कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, थोडं गणित आहे, पण दहावीच्या पुढचं नाही.

सम्प म्हणजे नक्की काय?

सम्प म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेला दुसरा, लहान टँक. त्याचं काम असं चालतं:

१. मुख्य टँकमधलं पाणी एका ठराविक पातळीच्या वर गेलं की ओव्हरफ्लोमधून पाइपात पडतं आणि गुरुत्वाकर्षणाने खाली सम्पमध्ये येतं. इथे पंप लागत नाही.
२. सम्पमध्ये पाणी वेगवेगळ्या कप्प्यांतून जातं आणि गाळलं जातं.
३. शेवटच्या कप्प्यात ठेवलेला रिटर्न पंप ते पाणी परत वर ढकलतो.

म्हणजे पंप जेवढं वर ढकलेल, तेवढंच खाली येईल. पंप बंद झाला की खाली येणंही थोड्या वेळाने थांबतं. हा "थोडा वेळ" फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येऊच.

सम्पचा फायदा काय?

- एकूण पाणी वाढतं. पाणी जास्त असलं की घाण आणि तापमान हळू बदलतं.
- फिल्टरच्या मटेरियलला भरपूर जागा मिळते.
- मुख्य टँकची पातळी कायम सारखी राहते. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी फक्त सम्पच्या शेवटच्या कप्प्यात दिसतं.
- पाणी वरून पडताना हवेत मिसळतं, त्यामुळे ऑक्सिजन चांगला राहतो. २५ अंशाच्या पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो, तर ३२ अंशाला ७.३ च्या आसपास. आपल्या विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये हा फरक माशांना जाणवतो.

टँक २ फुटांपेक्षा लहान असेल तर सम्पच्या भानगडीत पडू नका. हँग-ऑन किंवा स्पंज फिल्टर पुरेसा आहे.

सामान काय लागेल आणि कुठे मिळेल?

सगळं सामान ऑनलाइनच मागवावं लागतं असं नाही. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही ठिबक सिंचन आणि बोअरचं सामान विकणारं दुकान असतंच. प्लंबिंगचं बहुतेक सामान तिथेच मिळतं.

- १ इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, युनियन, बॉल व्हॉल्व्ह
- टँक निपल, वॉशरसकट (छतावरच्या पाण्याच्या टाकीला जे लावतात तेच)
- पीव्हीसी सॉल्व्हंट आणि टेफ्लॉन टेप
- काचेचा सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारा, आणि अँटी-फंगल नसलेला. पाकिटावर बुरशीरोधक लिहिलेलं असेल तर घेऊ नका, ते माशांना घातक आहे.
- फिल्टर सॉक किंवा स्पंज, सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक
- रिटर्न पंप

पंप, सिरॅमिक रिंग आणि चांगला सिलिकॉन मी अकोल्याहून आणला. बाकी सगळं वाशिममध्येच मिळालं. दुकानदाराने विचारलं, "किती एकरचं ठिबक आहे?" मी म्हटलं, "चार फुटाचं."

पायरी १: टँक आणि सम्पचं माप

माझा टँक १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर आहे. लांबी, रुंदी आणि उंची गुणून १००० ने भागलं की लिटर मिळतात: २४३ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले की प्रत्यक्ष पाणी साधारण २१० लिटर.

सम्प ७५ × ३५ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ ९९ लिटरच्या वर. पण सम्प कधीच काठोकाठ चालवायचा नसतो. माझ्या सम्पमध्ये चालू असताना पाणी २० सेंटिमीटर असतं (५२ लिटर) आणि वर १८ सेंटिमीटर जागा रिकामी (४७ लिटर). ही रिकामी जागा वाया गेलेली नाही. लाईट जाते तेव्हा हीच जागा घर वाचवते.

वजनाचाही विचार करा. पाणी, १० मिलिमीटर काच, सम्प आणि स्टँड मिळून हे प्रकरण ३५० किलोच्या वर जातं. स्टँड लोखंडी अँगलचा, आणि जमिनीला समतल हवा. त्यासाठी फोनमधलं लेव्हल अॅप चालतं, फक्त फोनचं कव्हर काढून ठेवा.

पायरी २: सम्पचे कप्पे

- पहिला कप्पा: वरून पाणी येतं तो. इथे फिल्टर सॉक किंवा स्पंज. विष्ठा आणि उरलेलं खाद्य इथेच अडकलं पाहिजे.
- दुसरा कप्पा: सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक. यावर उपयोगी जिवाणू वाढतात.
- बबल ट्रॅप: जवळजवळ तीन काचा. पाणी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून जातं. फट अडीच सेंटिमीटर ठेवा. हवेचे बुडबुडे इथे सुटतात.
- शेवटचा कप्पा: रिटर्न पंप. माझा २५ × ३५ सेंटिमीटर आहे.

काचा चिकटवल्यावर सिलिकॉनला किमान ४८ ते ७२ तास वाळू द्या. घाई करू नका. व्हिनेगरचा वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका.

पायरी ३: ओव्हरफ्लो

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे टँकच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून टँक निपल बसवणं. हे काम काचवाल्याकडून करून घ्या. डायमंड बिट, कमी वेग आणि सतत पाण्याची धार लागते. भोक काठापासून किमान भोकाच्या व्यासाएवढं आत हवं.

सावधान: टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती एका क्षणात चुरा होते. ओळखण्यासाठी काचेच्या मागे लॅपटॉपची पांढरी स्क्रीन ठेवा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, डोकं तिरपं करत बघा. काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन आहे.

काही जण भोक न पाडता काठावरून उलट्या "यू" आकाराचा सायफन पाइप घेतात. पण त्या पाइपात हवा अडकली की सायफन तुटतो, पंप मात्र चालूच राहतो आणि वरचा टँक ओसंडून वाहतो. जिथे दिवसातून दोनदा लाईट जाते तिथे मी हा प्रकार सुचवणार नाही.

दोन भोकं पाडा. एक मुख्य ड्रेन, दुसरा त्याच्यापेक्षा थोडा उंच, आपत्कालीन. मुख्य पाइपात गोगलगाय किंवा पान अडकलं तर दुसरा कामी येतो. या दुसऱ्या पाइपाला व्हॉल्व्ह लावू नका. मुख्य ड्रेनचा "गट् गट्" आवाज येत असेल तर टँकमधल्या बाजूला एल्बो खाली तोंड करून लावा आणि वरच्या टोपणाला लहान भोक पाडा. याला डर्सो पाइप म्हणतात.

पायरी ४: रिटर्न पंप किती मोठा?

पंपाच्या खोक्यावर "२५०० लिटर/तास" लिहिलेलं असतं. हा आकडा पाणी अजिबात उंच न चढवता मिळणारा असतो. उंची वाढली की प्रवाह कमी होतो. खोक्यावरच "हेड" किंवा "एच-मॅक्स" दिलेला असतो, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी नेऊ शकतो.

गोड्या पाण्याच्या टँकसाठी तासाला टँकच्या ४ ते ६ पट प्रवाह पुरतो. माझ्या २१० लिटरसाठी ५ पट धरले तर १०५० लिटर.

माझं गणित असं:

- सम्पच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंतची उंची: साधारण १ मीटर
- एल्बो आणि पाइपाचं घर्षण: अर्धा मीटर धरला
- एकूण हेड: दीड मीटर
- पंप: २५०० लिटर/तास, एच-मॅक्स अडीच मीटर
- ढोबळ प्रवाह: २५०० × (१ − १.५ ÷ २.५) = १००० लिटर/तास

हा अंदाज आहे. खोक्यावर आलेख दिला असेल तर तोच बघा. प्रत्यक्ष मोजायचं असेल तर रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत सोडा आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. बादली ३६ सेकंदांत भरली म्हणजे १००० लिटर/तास.

वीज किती? ३५ वॅटचा पंप २४ तास चालला तर महिन्याला साधारण २५ युनिट. २० वॅटचा डीसी पंप असेल तर १४ ते १५ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि आधी घरच्यांना सांगा. बिल आल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

पायरी ५: माझी चूक, आणि तुमचं सगळ्यात महत्त्वाचं गणित

पंप चालू असताना रिटर्नचा पाइप पाण्याने भरलेला असतो. लाईट गेली की पंप थांबतो, आणि तोच पाइप उलटा सायफन बनतो. वरच्या टँकमधलं पाणी त्याच पाइपातून पंपामार्गे खाली सम्पमध्ये यायला लागतं. रिटर्नचं तोंड जेवढं पाण्याखाली, तेवढं पाणी खाली येणार.

मी रिटर्नचं तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर ठेवलं होतं. आवाज कमी येतो म्हणून. आता हिशोब बघा:

- १२० × ४५ × १० ÷ १००० = ५४ लिटर
- पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी: साधारण २ लिटर
- एकूण खाली येणार: ५६ लिटर
- सम्पमध्ये रिकामी जागा: ४७ लिटर
- फरशीवर: ९ लिटर

मी चाचणी केली नव्हती असं नाही. पंप १० सेकंद बंद केला, थोडं पाणी खाली आलं, परत चालू केला, झालं. ५४ लिटर सायफन व्हायला काही मिनिटं लागतात हे डोक्यातच आलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मी फक्त सगळं नीट चालतं तेवढंच तपासलं होतं.

रात्री वादळी पाऊस आला, लाईट गेली. पहाटे आई उठली आणि तिचा पाय पाण्यात पडला. "काय करून ठेवलं बापा हे!" एवढंच ती म्हणाली. टँकच्या बाजूला भिंतीशी सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं होतं. बाबांनी घरच्याच मालातून चाळून, निवडून ठेवलेलं, आठ-दहा दिवसांत पेरायचं. पोत्याचा तळ भिजला. खालचं पाच-सहा किलो बियाणं बाजूला काढावं लागलं. भिजून फुगलेलं सोयाबीन पेरणीच्या कामाचं राहत नाही.

तेवढ्यात लाईट आली आणि पंप घुरघुरायला लागला. कारण ते ९ लिटर पाणी आता सिस्टीममध्ये नव्हतं, आणि कमतरता दिसते ती फक्त शेवटच्या कप्प्यात. ९००० ÷ (२५ × ३५) = जवळपास १० सेंटिमीटर पातळी खाली. पंप पाण्यासोबत हवा ओढत होता.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी मे महिन्यातच ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून उगवण तपासली होती. ते म्हणाले, "शंभर दाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय आपण पेरतो का? मग तुह्या टाकीची घेतली होती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपाय काय केला?

१. रिटर्नचं तोंड पाण्याखाली फक्त २ सेंटिमीटर ठेवलं. आता खाली येणारं पाणी: १२० × ४५ × २ ÷ १००० = जवळपास ११ लिटर, अधिक पाइपातले २, म्हणजे १३ लिटर. सम्पची पातळी ५ सेंटिमीटर वाढते, २० ची २५ होते. सम्प ३८ चा आहे. निवांत.
२. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली रिटर्न पाइपाला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी खाली गेली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पण यात शेवाळ अडकतं, दर आठवड्याला टूथपिकने साफ करा. फक्त या भोकावर विसंबू नका.
३. एनआरव्ही लावला नाही. त्यात एक वाळूचा कण अडकला तरी तो पूर्ण बंद होत नाही. लावायचा असेल तर जास्तीची सोय म्हणून लावा, मुख्य सोय म्हणून नाही.

पूर्ण चाचणी अशी करा:

१. टँक भरून पंप चालू करा, प्रवाह स्थिर होऊ द्या.
२. पंप बंद करा आणि पाणी खाली येणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. १५-२० मिनिटं.
३. आता सम्प काठापासून ५ सेंटिमीटर खालीपर्यंत भरा. त्यापेक्षा वर नाही.
४. पंप परत चालू करा. १० मिनिटांनी शेवटच्या कप्प्यातल्या पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि "कमाल" लिहा. या रेघेच्या वर कधीही पाणी भरायचं नाही.
५. पंप पूर्ण बुडेल त्याच्या ३-४ सेंटिमीटर वर दुसरी रेघ मारा, "किमान".
६. मुख्य ड्रेन हाताने बंद करून बघा, आपत्कालीन पाइप सगळं पाणी नेतो का?
७. हे सगळं तीनदा करा, मासे सोडायच्या आधी.

वीज आणि सुरक्षितता

- प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ खाईल अशी ठेवा. वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.
- एक्स्टेंशन बोर्ड सम्पच्या बाजूला जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर उंच लावा.
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, आणि घराला अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करा.
- पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. सगळे.
- इन्व्हर्टरवर पंप चालवायचा असेल तर साइनवेव्ह इन्व्हर्टर चांगला. स्क्वेअरवेव्हवर एसी पंप जास्त गुणगुणतो आणि तापतो.
- स्मार्ट प्लग वापरत असाल तर अॅपमध्ये "लाईट आल्यावर काय करायचं" ही सेटिंग शोधा आणि "चालू" करा. नाहीतर लाईट येईल, पंप बंदच राहील.

पाणी, उन्हाळा आणि जिवाणू

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते २४ तास उघड्या ड्रममध्ये ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेट वापरा. बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जड असतं. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचंच पाणी वर टाकत राहिलात तर क्षार वाढत जातात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी शक्यतो आरओचं पाणी टाका.

मे महिन्यात सम्पवर छोटा १२ व्होल्टचा फॅन लावला तर पाण्याचं तापमान २-३ अंशांनी उतरतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं, कूलरचंच तत्त्व आहे. पण मग पाणीही जास्त उडतं. माझ्याकडे दिवसाला साडेतीन लिटरपर्यंत जायचं, म्हणजे शेवटच्या कप्प्यात रोज ४ सेंटिमीटर. दोन दिवस गावाला जायचं तर घरच्यांना किमान-कमाल रेघ दाखवून जा.

आणि सम्प बसवल्याबरोबर मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच थोडे थोडे मासे सोडा.

देखभाल

- दर ३-४ दिवसांनी: फिल्टर सॉक धुणे
- दर आठवड्याला: २० ते २५ टक्के पाणी बदलणे, सायफनचं भोक साफ करणे
- महिन्यातून एकदा: पंप उघडून इम्पेलर धुणे, लाईट गेल्याची पूर्ण चाचणी परत करणे
- सिरॅमिक रिंग नळाखाली कधीच धुऊ नका, जिवाणू मरतात. टँकच्याच पाण्यात हलकेच विसळा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाईट ५-६ तास गेली तर मासे मरतील का?
मासे कमी असतील तर सहसा नाही. खाद्य देऊ नका आणि बॅटरीवाला एअर पंप जवळ ठेवा. उन्हाळ्यात लवकर लावा.

मोठा पंप घेऊन व्हॉल्व्हने प्रवाह कमी केला तर?
चालेल, पण व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, वर जाणाऱ्या पाइपावर लावा. स्पीड बदलता येणारा डीसी पंप असेल तर आणखी चांगलं.

सम्प प्लास्टिकच्या टबचा चालेल का?
चालेल, मजबूत आणि खाद्यपदार्थांसाठीचा असेल तर. पाणी भरल्यावर भिंती फुगत नाहीत ना, हे बघा.

पाण्यात बारीक बुडबुडे येतात, काय करू?
आधी शेवटच्या कप्प्याची पातळी बघा. बहुतेक वेळा पाणी कमी झालेलं असतं.

तर मित्रांनो, पूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: रिटर्नचं तोंड किती खाली आहे ते मोजा, त्याला टँकच्या लांबी-रुंदीने गुणा, आणि तेवढं पाणी सम्पमध्ये मावतं का ते बघा. हे गणित दोन मिनिटांचं आहे. माझा टँक आता दोन पावसाळे व्यवस्थित चालतोय, लाईट कितीदा गेली ते मोजणं मी सोडून दिलं आहे. बियाण्याचं पोतं मात्र बाबा आता दुसऱ्या खोलीत, पाटावर ठेवतात.